सासूचे काळे, सुनेचे पांढरे

बारामतीत माझं लेडीज पार्लर आहे. घराच्या पुढच्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं वेगळं दार काढलं आणि तिथं खुर्ची मांडली. मुलगा तेव्हा बालवाडीत जात होता. आता तो एमआयडीसीतल्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. एवढ्या वर्षांत मी गावातल्या बायकांच्या भुवया कोरल्या, नवऱ्या सजवल्या, पण सगळ्यात जास्त काय केलं असेल तर केस काळे केले. बाकीची कामं हंगामी. लग्नसराई संपली की नवऱ्या संपतात, भर उन्हाळ्यात फेशियलला कुणी फिरकत नाही. केसांची मुळं मात्र बारमाही पांढरी उगवतात. त्या मुळांवर माझं घर अर्धंअधिक चाललं.

माझीही मुळं तशीच. पहिला पांढरा केस तिशीच्या आत दिसला आणि तेव्हापासून दर महिन्याला एक मंगळवार माझा स्वतःचा. मंगळवारी पार्लर बंद असतं. दोन आरसे समोरासमोर लावायचे, वाटीत डाय कालवायचा, जुना गाऊन चढवायचा आणि मागचे केस अंदाजानं रंगवायचे. पार्लरवालीचे केस काळेभोर हवेत, ही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. दुकानाबाहेर पाटी लावतात तसं ते होतं.

दोन-अडीच वर्षांपूर्वी अशाच एका मंगळवारी डाय लावला आणि संध्याकाळी कपाळाला खाज सुटली. सकाळी उठले तर डोळे उघडेनात. चेहरा असा सुजला होता की चहा घेऊन आलेला नवरा दारातच थबकला आणि म्हणाला, "तूच आहेस ना?"

त्वचेची डॉक्टर म्हणजे माझ्या मुलापेक्षा थोडीशीच मोठी मुलगी. तिनं माझ्या कपाळावर भिंग धरलं आणि सांगितलं, "काकू, आता डाय कायमचा बंद. पुढच्या वेळी नुसत्या सुजेवर भागायचं नाही."

"अहो, माझा धंदाच तो आहे."

"दुसऱ्यांना लावा. हातमोजे घालून. तुमच्या डोक्याला नको."

सूज उतरल्यावर मी मेंदीकडे वळले. नुसती, बिनभेसळीची मेंदी. पांढऱ्या केसांवर ती भगव्या आणि शेंदरी यांच्या मधल्या कुठल्यातरी रंगाची चढली. नवऱ्याचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. दिवसभर शेतकऱ्यांशी बोलून तो घरी फार बोलत नाही. त्या दिवशी जेवताना बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाला, "पोळ्याला शिंगं रंगवलीत असं वाटतंय." मेंदी तिथंच संपली.

मग केस वाढू दिले. ते दिवस फार विचित्र होते. वरून पांढरे, मधे शेंदरी, खाली काळे. बाजारात जाताना मी स्कार्फ बांधायचे आणि ऊन नसलं तरी ऊन फार आहे म्हणायचे. शेवटी एका मंगळवारी तेच दोन आरसे लावले आणि रंगलेले सगळे केस कापून टाकले. मानेच्या वर आले. जमिनीवर तीन रंगांचा ढीग पडला होता आणि आरशात एक पांढऱ्या डोक्याची बाई होती. तिचा चेहरा ओळखीचा होता. मी डोकं हलवून बघितलं. इतकं हलकं वाटलं की उगाच आणखी दोनदा हलवलं.

बुधवारी पार्लर उघडलं आणि गंमत सुरू झाली. पहिल्याच बाईनं दारातून आत बघून विचारलं, "मालकीणबाई न्हाईत का?" एक शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्याकडे कित्येक वर्षं येतात. त्यांनी खुर्चीत बसता बसता शेराच मारला, "म्हणजे स्वतः सोडून दिलंस आणि आम्हाला लावतेस? मिठाईवाल्यानं मिठाई खाल्ली नाही की मला संशय येतो." डॉक्टरांची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी शेरा मागं घेतला, पण त्या दिवशी आरशात त्यांनी स्वतःपेक्षा मलाच जास्त बघितलं.

काही गिऱ्हाइकं तुटली. नव्या वसाहतीत एसीचं पार्लर निघालंय, तिकडे गेली. ज्या राहिल्या त्या मात्र जास्त बोलायला लागल्या. डाय मुरेपर्यंत बसून राहावं लागतं, त्या वेळात पूर्वी माहेर, सासर आणि भाज्यांचे भाव यांवर बोलणं व्हायचं. आता बायका आपण केस का रंगवतो हे सांगू लागल्या. माझ्या डोक्याकडे बघून त्यांना आपली बाजू मांडावीशी वाटत असावी. बँकेतली एक म्हणाली, नवीन पोरं 'मावशी' म्हणतात आणि मग कॉम्प्युटरचं काही विचारतच नाहीत. सुप्याहून येणारी एक शेतकरीण फक्त पुढचे चार बोटं केस रंगवते. डोक्यावर पदर असतो, त्यामुळं दिसतं तेवढंच. "मागं कोन बघतंय," ती म्हणाली, "आन जो बघंल त्येला ठाव हाय माझं वय."

मला या सगळ्याचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते सासूबाईंना.

सासूबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांचे केस कोळशासारखे काळे आहेत. ते मीच करते. त्या मूळच्या वडगाव निंबाळकरच्या. सासरे फार लवकर गेले. नंतर त्यांनी म्हशी पाळल्या, डेअरीला दूध घातलं, मुलगा आणि मुलगी वाढवली. साठी उलटल्यावर म्हशी विकून आमच्याकडे बारामतीला आल्या, तेव्हा त्यांचं डोकं पांढरंशुभ्र होतं. महिनाभर त्या पार्लरच्या आतल्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायका बघत होत्या. एके दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तर उठून सरळ खुर्चीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला बी लाव." मी का म्हणून विचारलं नाही. लावलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा, रविवारी, परसात खुर्ची टाकून हा कार्यक्रम होतो. एक दिवसही लांबला तर त्या कंगवा आपटतात.

मी केस कापले त्या दिवशी त्यांनी मला भाकरी थापताना बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"हे काय करून बसलीस गं?"

"आई, डॉक्टरनं सांगितलंय ना. डाय नाही चालत मला."

"तुला चालत न्हाय ते ठीक हाय. पन माझं काय? सून अशी पांढरी फटक दिसाय लागली की लोक सासूला मेलेली धरत्यात."

यावर मला हसू आलं, त्यांना आलं नाही. त्यानंतर त्या माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायच्या. देवळात जाताना माझ्या शेजारी चालायच्या नाहीत. चार पावलं पुढं चालायच्या. सत्त्याहत्तराव्या वर्षी चार पावलं पुढं चालणं हे काही सोपं नाही, पण त्यांनी ते जमवलं.

अशातच मुलाचं लग्न निघालं. इंदापूरची मुलगी, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करणारी. फोटो बघितले, पत्रिका जुळली आणि एका रविवारी आम्ही मुलगी बघायला जायचं असं ठरलं. ही बातमी कळल्याबरोबर वडगावहून नणंदेचा फोन आला. तिच्या यजमानांना बरं नव्हतं म्हणून ती येऊ शकणार नव्हती, पण काळजी तिनं सगळी फोनवरून केली.

"वहिनी, त्या दिवसापुरतं तरी केसांचं काहीतरी करा. पाव्हणं काय म्हनतील? नवऱ्यामुलाची आई म्हंजे कशी दिसाय पाहिजे."

"कशी?"

"आईसारखी."

"वन्सं, मी आईच आहे त्याची."

"तसं न्हाय हो. तुमच्याकडं नवरीचे टोप असतील की. नायतर तो धुतला की जातो तसला रंग फवारा."

मी फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटत होते. नवरा शेजारी बसून पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली केला, स्वतःच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि फोनकडे तोंड करून म्हणाला, "मी पण टोप घालू का?"

पलीकडून नणंद म्हणाली, "दादा, तुमचं काय, तुमी पुरुषमानूस."

"तेच म्हणतोय," नवरा म्हणाला आणि परत पेपर वर केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याचं मला इतकं आवडलेलं वाक्य दुसरं आठवत नाही.

रविवारी नवरा आणि मुलगा गाडीनं निघाले. सासूबाईंना काचा बंद केलेल्या गाडीत मळमळतं, त्यामुळं त्या कुठंही एसटीनंच जातात, खिडकीजवळ बसून. त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून मीही एसटीत. आदल्या रविवारीच त्यांचे केस रंगवून झाले होते. मोरपंखी रंगाची नवी साडी नेसून, आंबाडा घालून त्या अशा ताठ बसल्या होत्या की स्टँडवरच्या बायका वळून बघत होत्या. मी माझ्या फिकट अबोली साडीत त्यांच्या शेजारी बसले. एसटीत चार पावलं पुढं बसायची सोय नसते.

बारामती सुटली आणि कंडक्टर आला. गर्दी होती, तिकिटाच्या मशीनकडे बघता बघता त्याला डोळ्याच्या कडेनं फक्त माझं डोकं दिसलं असणार. म्हणाला, "आजी, पंच्याहत्तर झाली असली तर तिकीट नाही. आधार दाखवा."

"मला नाही झाली," मी म्हणाले. "ह्यांना झाली आहे."

त्यानं आता मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. तो नीट माणूस होता, पण दुपारची वेळ होती आणि गाडी भरलेली. "आजी, चेष्टा नका करू. मागं लोक थांबलेत."

सासूबाईंचं आधार कार्ड त्यांच्या कमरेच्या पिशवीत होतं. मला माहीत होतं, कारण निघताना मीच घालून दिलं होतं. त्यांनी पिशवी उघडली, कार्ड बाजूला सारलं, आतून नोट काढली आणि अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "दोन हाप दे बाबा. इंदापूर."

बायकांना सगळ्यांनाच अर्धं तिकीट असतं, त्यामुळं प्रश्न मिटला. कंडक्टर पुढं गेला. मी म्हणाले, "आई, फुकट होतं की तुम्हाला."

"फुकट कशाला? सगळ्या गाडीला वय सांगायचं व्हय?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. लासुर्णे येईपर्यंत त्यांचा चेहरा खुललेला होता. कित्येक दिवसांनी त्या माझ्याशी नीट बोलल्या, माझ्या साडीची निरी सारखी केली, आणि अंथुर्ण्यात गाडी थांबली तेव्हा पेरू घेऊन एक मला दिला.

इंदापूरला स्टँडवरून रिक्षा केली. मुलीचं घर नवीन बांधलेलं, दोन मजली. आम्ही फाटकातून आत शिरलो तेव्हा नवरा तिथं नव्हता. मुलीच्या वडिलांनी गच्चीवर भाजीपाला लावला होता आणि ठिबकवाला पाहुणा आलाय म्हटल्यावर त्यांनी त्याला आधी वरच नेलं होतं. बैठकीत मुलगा एकटाच मुलीच्या काकांसमोर अवघडून बसला होता. आम्हाला बघून त्याला एवढा आनंद झाला की तो उठून म्हणाला, "आई आणि आजी आल्या."

कोण आई आणि कोण आजी हे तो बोलला नाही. ते त्या घरानं आपलं आपण ठरवलं.

मुलीची आत्या लगबगीनं पुढं आली आणि तिनं माझा हात धरला. "सावकाश आजी. पायरी आहे हं." मला उशी ठेवलेल्या खुर्चीत बसवलं. पायाखाली पाट सरकवला. सासूबाईंना तिनं सोफ्यावर मुलीच्या आईशेजारी बसवलं आणि म्हणाली, "या ताई, तुमी हितं बसा."

मी सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात माझी नजर सासूबाईंकडे गेली. त्यांनी पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि मुलीच्या आईकडे असं बघितलं की आता काय विचारायचंय ते विचारा. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी सून होऊन आल्यापासून कधी बघितलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

"आजी, गुडघे काय म्हणतात?" आत्यानं मला विचारलं.

"बरे आहेत," मी म्हणाले. खरंच बरे आहेत.

"चहा बिनसाखरेचा आणू ना?"

मुलानं माझ्याकडे बघितलं आणि चिवड्याची बशी तोंडाजवळ धरली. बशी हलत होती. मी म्हणाले, "आणा." तो चहा मी प्यायले, आणि तो किती वाईट होता ते इथं लिहून ठेवते.

सोफ्यावर मुलीची आई विचारत होती, "मुलाचा स्वभाव कसा आहे ताई? लहानपणी हट्टी वगैरे?"

"हट्टी? लई," सासूबाई म्हणाल्या. "दूध म्हशीचंच पायजे, आन त्ये बी धारोष्ण. पिशवीचं दिलं की पेला आडवा करायचा. शाळेत सोडाय गेलं की दाराला धरून बसायचा. म्या तिथं वट्ट्यावर बसून राह्यची, शाळा सुटस्तवर."

यात एकही शब्द खोटा नव्हता. पार्लर नवीन होतं तेव्हा मुलगा दोन वर्षं वडगावला त्यांच्याचकडे शाळेत होता, आणि शाळेच्या ओट्यावर बसणाऱ्याही त्याच. त्या आईची म्हणून जी उत्तरं देत होत्या ती मला देता आली नसती.

मग मुलगी आली. अंगानं बारीक, डोळे धीट. सगळ्यांना नमस्कार करून समोरच्या खुर्चीत बसली. सासूबाईंनी विचारलं, "सैपाक येतो का?"

"येतो," ती म्हणाली. "यांना येतो का?"

काका खाकरले. सासूबाई नातवाकडे बघून म्हणाल्या, "च्या येतो. त्यो बी पातळ." मुलगी हसली आणि मला ती तिथंच आवडली.

हसताना तिनं केस कानामागं सारले आणि मला दिसलं. उजव्या कानाच्या वरच्या कडेला, जिथं कान डोक्याला मिळतो तिथं, काळा डाग. कालचाच. लावणाऱ्याचा हात नवखा आणि पुसायची घाई झालेली. कानशिलावरचे केस बाकीच्यांपेक्षा जास्त काळे होते. सव्वीस वर्षांच्या मुलीला पांढरे केस आले होते आणि ते आमच्यासाठी झाकले होते.

तेवढ्यात जिन्यावरून नवरा खाली आला. गच्चीवरचे दुधी बघून तो खूश होता. आत येता येता सासूबाईंना म्हणाला, "आई, मळमळलं नाही ना? पाणी घेतलंस का?"

आत्यानं सासूबाईंकडे बघितलं, मग टक्कल पडलेल्या माझ्या नवऱ्याकडे, मग उशीवर बसलेल्या माझ्याकडे. "म्हणजे ह्या..." ती म्हणाली आणि थांबली.

नवऱ्याला काहीच कळलं नाही. "ही माझी आई," तो म्हणाला, "आणि ही माझी मिसेस."

सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी चहाचा कप शांतपणे खाली ठेवला. "मी आईच हाय की," त्या म्हणाल्या आणि बोट नवऱ्याकडे केलं, "ह्याची."

पहिली हसली ती मुलीची आई. तोंडाला पदर लावून आधी दाबून, मग दाबता येईना म्हणून मोकळी. मग मुलानं बशी खाली ठेवली आणि तोही हसला, मग काका. आत्या बिचारी लाल झाली. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "चुकलं हो वहिनी. केसांवरनं वाटलं मला."

"माझ्या दुकानात मलाच विचारतात, मालकीण कुठं आहे," मी म्हणाले. "तुम्ही निदान उशी तरी दिलीत." मग मी साखरेचा चहा मागून घेतला.

निघायच्या आधी मुलगी मला घर दाखवायला आत घेऊन गेली. तिच्या खोलीत दोघीच होतो, तेव्हा मी हळूच सांगितलं, "कानाच्या वरचा तो डाग आहे ना, खोबरेल लाव आणि थोडा वेळ राहू दे. मग कापसानं पूस. घासू नकोस, कातडी लाल होते."

तिचा हात कानाकडे गेला. "तुम्हाला दिसलं?"

"माझं कामच आहे ते."

"काल आत्यानं लावलं," ती म्हणाली. "मी नको म्हणत होते. कॉलेजपासून आहेत मला हे, बाबांकडून आलेत. लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे. आत्या म्हणाली, एवढ्याशा केसांवरनं नकार आला तर काय करायचं." मग तिनं विचारलं, "लग्न झालं तर लावावे लागतील का?"

मला बैठकीतून सासूबाईंचा आवाज ऐकू येत होता. त्या आत्याला आंबाडा कसा बांधायचा ते सांगत होत्या. मी म्हणाले, "आमच्याकडे दोन्ही चालतं. रंगवलेस तर सासूबाई खूश होतील. नाही रंगवलेस तर मला जोड मिळेल. तू तुझं बघ."

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. सासूबाई खिडकीशी, मी शेजारी. निमगाव केतकी मागं पडलं तरी त्या बोलेनात. मला वाटलं, रागावल्या. त्यांचा खेळ फार लवकर मोडला होता.

"आई, मी तिथं आधीच सांगायला हवं होतं का?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. "बरं केलंस गप बसलीस."

मग बाहेर बघतच बोलायला लागल्या. आवाज नेहमीसारखाच होता, दुधाचा हिशेब सांगतात तसा.

"तुझं सासरं गेलं तवा मी ऐन तिशीतली. येनी मांडीपातूर यायची माझी. न्हायलं की वाळायला दुपार जायाची. ते गेल्यावर भावकीतल्या बाया म्हनाय लागल्या, त्याल कशाला लावती, कुनाला दावायचंय. पदर जरा मागं सरकला तरी कुनीतरी पुढं वढायचं. मग म्या बी करकचून बांधाय लागले. म्हशीत ऱ्हायलं की तसं बी कोन बघतंय. पुढं पांढरं झालं, तर त्याच बाया म्हनल्या, आता कशी शोभती."

उसाची एक ट्रॉली पुढं होती आणि आमची गाडी तिच्यामागं रेंगाळत होती.

"तुझ्या पार्लरात बसले तवा मला वाटलं, ते काळं केस माझं हुतं, आन मी कवा वापरलंच न्हाईत. म्हनून म्हनलं, लाव मला बी."

इतकी वर्षं मी त्यांच्या डोक्याला हात लावत होते, भांग पाडून मुळापासून ब्रश फिरवत होते, आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "मला पांढरे झाल्यावर हलकं वाटलं आई. दर महिन्याला ती लपवालपवी नको वाटायची."

"व्हय की. तुझं तुला बरं वाटलं तर बरंच हाय." मग माझ्या डोक्याकडे जरा वेळ निरखून बघून म्हणाल्या, "मागनं जरा वाकडं कापलंस. डाव्या अंगाला."

"दोन आरशांत कापले ना."

"मला सांगायचं. म्या म्हशी भादरल्यात."

स्टँडपासून घरापर्यंत आम्ही चालत आलो. त्या माझ्या बरोबरीनं चालल्या. सोमवारी सकाळी त्यांनी खरंच मला परसातल्या खुर्चीत बसवलं आणि कात्री घेऊन डावी बाजू सारखी केली. आता ती उजवीपेक्षा आखूड आहे, पण मी काही बोलले नाही.

दोन दिवसांनी इंदापूरहून मुलीच्या आईचा फोन आला. आम्ही सगळे जेवत होतो. मी स्पीकर लावला.

"आमच्याकडून पसंती आहे असं म्हणायला हरकत नाही," त्या म्हणाल्या, "पण आमची मुलगी जरा स्पष्ट आहे. ती म्हणते, घरातल्या दोन्ही बायका आवडल्या. मुलाशी अजून एकदा बोलायचंय."

नवऱ्याला ठसका लागला. मुलगा हातातला घास तसाच धरून फोनकडे बघत राहिला. सासूबाईंनी त्याच्या पानात आणखी आमटी वाढली आणि म्हणाल्या, "खा. परीक्षा हाय तुझी."

पुढच्या रविवारी तो एकटाच गाडी घेऊन गेला. सकाळी त्यानं तीन शर्ट बदलले आणि आरशासमोर इतका वेळ काढला की एखाद्या गिऱ्हाइकाला मी उठवलं असतं. दिवेलागणीला परत आला. अंगाला मासळीचा वास येत होता. दोघं भिगवणला गेले होते, धरणाच्या पाण्याकाठी बसून मासे खाल्ले आणि चार तास बोलले. काय बोलले ते त्यानं सांगितलं नाही. फक्त म्हणाला, "ती हो म्हणाली. तिनं कानाजवळचे केस रंगवले नव्हते आज. मला विचारलं, चालेल का. मी म्हणालो, आमच्याकडे बाबांना केसच नाहीत."

नवऱ्यानं मान डोलावली. तोंड गोड करायला मी आतून साखर घेऊन आले. सासूबाई तेवढ्यात जवळ येऊन नातवाचा शर्ट हुंगत होत्या.

"व्हय म्हनली ते झ्याक झालं," त्या म्हणाल्या. "पन भिगवनला जाऊन घरच्यांसाठी मासं बांधून आनायचं सुचलं न्हाय व्हय रं तुला?"